केकचा डबा परत कोण करणार?



गेल्या महिन्याच्या पालकसभेत एक ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. यापुढे आपल्या रविवारच्या शाळेत दर महिन्याला जे वाढदिवस साजरे होतात त्यांचा आणि वार्षिक स्नेहसंमेलनाचा केक दुकानातून मागवायचा. कोणाला घरून काही आणायचेच असेल तर त्यांनी ते फॉइलच्या ट्रेमध्ये आणायचे, म्हणजे कार्यक्रम संपला की ट्रे कचऱ्यात आणि आपण घरी. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. दर रविवारी हॉलच्या ओट्यावर कोणाचा तरी केकचा टिन, कोणाचे तरी झाकण, कोणाचा तरी स्टीलचा डबा पडून असतो. तो कोणाचा हे विचारायला जावे तर सगळे पार्किंग लॉटमध्ये पोचलेले. मग ज्यांच्याकडे हॉलची किल्ली असते त्यांच्या गाडीच्या डिकीत ही अनाथ भांडी जमत जातात. तेव्हा आम्हीही हात वर केला.

घरी येताना गाडीत आम्ही दोघेही गप्प होतो. दोघांच्याही डोळ्यांसमोर आमच्याच गराजमधला, जोड्यांच्या फळीवरचा एक टिन होता. त्याची हकीकत पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की आमचे मत बदलले आहे. हा ठराव पुढच्या सभेत पुन्हा चर्चेला घ्यावा अशी आमची विनंती आहे, आणि ती का, हे सांगायला संपादकांनी जागा दिली याबद्दल त्यांचे आभार.

मुलांनो, आधी तुमच्यासाठी शब्दाची एक गंमत. आपण ज्याला 'केकचा टिन' म्हणतो त्यात बहुधा टिन नसतेच! टिन म्हणजे कथील. पूर्वी ही भांडी लोखंडाच्या पातळ पत्र्याची असत आणि गंजू नयेत म्हणून त्यांवर कथलाचा थर दिलेला असे, म्हणून त्यांचे नाव टिन. आता दुकानात मिळतात ती बहुतेक ॲल्युमिनियमची, किंवा पोलादावर ॲल्युमिनियमचा थर दिलेली असतात. धातू गेला, नाव राहिले. तुमच्या पणजीच्या घरी हेच काम कल्हईवाला करत असे. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली तर ती कळकते, तिची चव बिघडते आणि पोटही बिघडते. म्हणून कल्हईवाला गल्लीत आला की घराघरांतून भांडी बाहेर येत. तो जमिनीत छोटा खड्डा करून भाता लावी, भांडे तापवी, त्यात नवसागर टाकी आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने आतून गरगर फिरवी. धुराचा एक लोट, आणि काळपट भांडे आरशासारखे पांढरे! कथील २३२ अंश सेल्सियसला, म्हणजे सुमारे ४५० अंश फॅरनहाइटला वितळते. केक ३५० ला भाजतात, त्यामुळे टिनच्या भांड्याला तिथे धोका नाही. पण तेच भांडे ब्रॉइलरखाली ठेवू नये. गराज सेलमध्ये जुनी भांडी उचलणारे आपल्या शाळेत निदान तीन पालक आहेत, त्यांनी ही ओळ कापून फ्रिजवर लावावी.

आमच्यापैकी एकाचे बालपण मिरजेत गेले आणि दुसरीचे नाशिकला. दोन्हीकडे ओव्हन नव्हता, पण भाजलेले गोड पदार्थ होते. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचे. भट्टीवाला मोठे काळे पत्रे द्यायचा. त्यावर नानकटाया आपणच वळून मांडायच्या, प्रत्येकीवर एक चारोळी. आपला पत्रा कुठला हे नीट लक्षात ठेवायचे, नाहीतर भट्टीतून शेजाऱ्यांच्या नानकटाया घरी येत (आणि त्या आपल्यापेक्षा बऱ्या झालेल्या असत). त्या आणायला डालड्याचाच रिकामा पिवळा डबा न्यायचा. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी त्याचे डबे तूप संपल्यावरच खऱ्या अर्थाने वापरले. पीठ, शेंगदाणे, तुळस, अंघोळीचे पाणी, काय काय त्यात राहिले असेल ते मोजता येणार नाही.

पुढे घरात केकपात्र आले. ॲल्युमिनियमचे. खाली वाळूची ताटली, वर भांडे, त्यावर झाकण. वाळू हळू तापते आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचवते, त्यामुळे साध्या गॅसवर किंवा स्टोव्हवर केक खालून न जळता होतो. ज्यांच्याकडे तेही नव्हते ते कुकरची शिटी आणि रिंग काढून तळाला वाळू किंवा मीठ घालत. काही घरी तो गोल विजेचा ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. त्या काचेला डोळा लावून आम्ही पाळीपाळीने बसत असू. सांगायचा मुद्दा असा की भाजण्याचे भांडे घरात एकच असे आणि ते गल्लीभर फिरत असे. 'केकपात्र पाटलांकडे आहे' हे वाक्य आमच्या लहानपणी रोजच्या बातम्यांत मोडत असे. ते परत येई तेव्हा रिकामे येत नसे. आत चार चिरोटे, दोन कैऱ्या, काही नाही तर चमचाभर साखर. आणि ते हरवत नसे, कारण त्यावर नाव घातलेले असे. भांड्यांच्या दुकानात यंत्राची सुई टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे कोरून देत. लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर कोणी दिले आणि कधी दिले, हे लिहिलेले असायचेच.

मग आम्ही इथे मिनेसोटात आलो आणि समजून चाललो की केकचे टिन, पॅन वगैरे ही इथल्या लोकांची जन्मजात वस्तू. आपण फक्त ती विकत घ्यायची. ही समजूत चुकीची निघाली.

हायवे १०० वरून सेंट लुईस पार्कमधून जाताना काँक्रीटचा एक उंच गोल मनोरा दिसतो. त्यावर 'नॉर्डिक वेअर' हे नाव रंगवलेले आहे. तो मुळात धान्याचे कोठार म्हणून १८९९-१९०० मध्ये बांधला. काँक्रीटच्या गोल कोठारात धान्य नीट राहते का, हे बघण्याचा तो प्रयोग होता. त्याच्या शेजारी या कंपनीचा कारखाना आहे. कंपनी १९४६ साली डेव्हिड डालक्विस्ट आणि त्यांच्या पत्नी डॉटी यांनी सुरू केली. डालक्विस्ट हे केमिकल इंजिनिअर. त्यांनी सुरुवातीला केले काय, तर इथे येऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन कुटुंबांना लागणारी घरगुती भांडी. त्यातले एक म्हणजे एबलस्किव्हर नावाच्या गोल डॅनिश धिरड्यांचा खळ्याखळ्यांचा तवा. आमच्या घरी तो आहे. तुमच्याही घरी असेल, आणि तुम्ही त्याला अप्पेपात्र म्हणत असाल! ज्या दिवशी दुकानात तो तवा पहिल्यांदा दिसला त्या दिवशी आम्ही दोघेही रांगेत उभे राहून हसत होतो, आणि मागच्या बाईंना वाटले आम्हाला काही होते आहे.

१९५० च्या सुमारास मिनिॲपोलिसच्या हदासा या ज्यू महिलांच्या संस्थेतल्या काही जणी डालक्विस्ट यांच्याकडे गेल्या. त्यांच्यापैकी एकीकडे युरोपातून आलेले आईचे जड मातीचे भांडे होते. मधे भोक असलेला गोल केक त्यात होत असे. तसे भांडे त्यांना इथे मिळत नव्हते. त्यांनी विचारले, हे हलक्या धातूचे करून द्याल का? त्यांनी ॲल्युमिनियमचे ओतून दिले, शिवाय काही जास्तीचे करून दुकानांत ठेवले, आणि नाव दिले 'बंट'. बरीच वर्षे ते फारसे खपले नाही. १९६६ साली पिल्सबरी या मिनिॲपोलिसच्याच कंपनीच्या बेकिंग स्पर्धेत टेक्ससच्या एला हेलफ्रिच यांच्या 'टनेल ऑफ फज' या केकला दुसरे बक्षीस मिळाले. तो त्या भांड्यात केलेला होता. मग हे भांडे मिळते कुठे, असे विचारणारी दोन लाखांहून जास्त पत्रे पिल्सबरीकडे आली म्हणतात. आज अमेरिकेत त्या आकाराच्या केकला सगळे बंटच म्हणतात. ज्याला आपण अगदी अमेरिकन समजतो ते भांडे म्हणजे कोण्या एका आईच्या सामानातून आलेली आणि मुलीला टाकवली नाही अशी वस्तू आहे. आणि हे सगळे घडले आपल्या शाळेपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत.

इथल्या चर्चच्या तळघरांतल्या जेवणावळींना आपल्यापैकी काही जण गेलेले असतील. तिथे नऊ बाय तेरा इंचांचे पॅन ओळीने मांडलेले असतात. ते उलटून पाहा. तळाला मास्किंग टेपचा तुकडा आणि त्यावर पेनने आडनाव. काहींवरची टेप इतकी जुनी की ओव्हनमध्ये भाजून भाजून तपकिरी झालेली. आपली सुईने कोरलेली अक्षरे आणि ही टेप, यांत आम्हाला फरक दिसत नाही.

आता गराजमधला टिन.

२०२२ च्या जानेवारीत आम्ही दोघेही कोविडने अंथरुणात होतो आणि त्याच आठवड्यात धाकट्याचा सहावा वाढदिवस आला. शाळेतल्याच एका काकूंना हे कळले. त्या आमच्यापासून अकरा मिनिटांवर राहत. संध्याकाळी त्यांचा फोन आला, 'दार उघडा, बाहेर ठेवलंय.' आम्हाला उठून, मास्क शोधून, दार उघडेपर्यंत अर्धा तास गेला असेल. बाहेर उणे वीस. पायरीवर एक ॲल्युमिनियमचा टिन, वर स्टीलची ताटली, वर रुमाल बांधलेला, आणि आतला रव्याचा केक दगडासारखा! तो आम्ही ओव्हनमध्ये पुन्हा ऊबवून खाल्ला. तापाने कशालाच चव नव्हती, तरी तो केक आठवतो. धाकट्याने त्यात मेणबत्ती खोचायचा प्रयत्न केला तेव्हा मेणबत्तीच मोडली, हे तो अजून सगळ्यांना सांगतो.

टिन धुतला, पुसला, आणि 'रविवारी नेऊन देऊ' म्हणून जोड्यांच्या फळीवर ठेवला. रुमाल आणि ताटली गेली. टिन राहिला, कारण तो रिकामा कसा द्यायचा? काहीतरी करून घालू म्हणालो. पहिल्या रविवारी बर्फ पडला. दुसऱ्या रविवारी एकाला ऑफिसचे काम निघाले. मग होळी आली, म्हटले पुरणपोळ्या घालू. त्या झाल्या नाहीत. उन्हाळ्यात भारतात गेलो. दिवाळीला म्हटले आता चकल्या, त्या मोडल्या. दर रविवारी काकू आपल्या शाळेत भेटत होत्या, समोर बसत होत्या, आणि त्यांनी एकदाही टिनचा विषय काढला नाही. आपल्याकडे भांडे मागायचे नसते. द्यायचे असते.

२०२३ च्या मार्चमध्ये काकांची नोकरी गेली. एच-वनवर असणाऱ्यांना नोकरी गेल्यावर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ते दिवस कसे जातात हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, न ठाऊक असणाऱ्यांना ते कधी कळू नये. मे महिन्यात ते चौघे पुण्याला परत गेले. सामान बांधायला आम्ही दोन शनिवार त्यांच्याकडे होतो. त्यांची भांडी आम्ही आमच्या हातांनी कागदात गुंडाळली. आणि टिन आमच्या फळीवर! आठवण आली ती ते गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, गराज झाडताना. धाकट्याने टिन उलटा केला आणि म्हणाला, 'बाबा, इथे मराठी आहे.' ठिपक्यांची अक्षरे होती. त्याने एकेक अक्षर लावून वाचले: सौ. मावशीकडून, ११-५-८४. मग विचारले, 'सौ म्हणजे शंभर ना? शंभर मावश्या?'

आम्ही पुण्याला फोन केला. काकू हसल्या. म्हणाल्या, 'अहो, मी बाकीची सगळी खोकी उघडून पाहिली. म्हटलं सामानवाल्यांनी हरवला.' तो टिन त्यांच्या आईच्या केकपात्रातला, आईच्या लग्नात मावशीने दिलेला. केकपात्राची वाळूची ताटली आणि झाकण सांगलीला आईकडे तसेच आहे, फक्त आतले भांडे मुलीबरोबर अमेरिकेला आले होते. यापुढे आम्ही काय बोलणार?

आमच्यातला एक सॉफ्टवेअर लिहितो. त्या धंद्यात एक जुनी चूक आहे. प्रोग्रॅमने कामासाठी मेमरी मागून घ्यायची आणि काम झाल्यावर परत करायची विसरायचे. प्रोग्रॅम लगेच कोसळत नाही. तो नीट चालतो आहे असेच वाटते. फक्त दिवसेंदिवस जड होत जातो. ठराव मांडणाऱ्यांना हाच त्रास दिसला, आणि त्यांनी यावर उपाय काय काढला, तर मागून घेणेच बंद. आम्हाला तो उपाय पटत नाही. फॉइलच्या ट्रेमुळे कोणाचे काही कोणाकडे राहणार नाही हे खरे आहे, पण मग एखाद्या मुलाने गराजमध्ये भांडे उलटे करून पाहिले तर त्याला काय वाचायला मिळेल?

शिवाय, आता इंजिनिअर म्हणूनच बोलायचे तर, फॉइलचा ट्रे हे भाजण्याचे भांडे नव्हेच. तो इतका पातळ असतो की कडा लवकर करपतात आणि मध्य कच्चा राहतो. ओव्हनमधून काढताना मधे वाकतो, म्हणून खाली दुसरा पत्रा ठेवावा लागतो. मग तो पत्रा धुवायचाच आहे, तर वाचले काय? तो खरकटा ट्रे रीसायकलमध्येही चालत नाही, आधी धुवावा लागतो. जाड ॲल्युमिनियमचा फिक्या रंगाचा टिन सगळ्यांत चांगला. गडद रंगाचा टिन उष्णता जास्त घेतो, त्यात केक करायचा तर ओव्हन २५ अंश फॅरनहाइटने कमी ठेवा. आणि मापाकडे लक्ष द्या. आईच्या वहीतला सात इंची टिनचा केक आम्ही नऊ इंची टिनमध्ये केला होता आणि तो थालीपिठासारखा झाला. मुलांनो, वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय. सात इंची गोल टिनचे क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच, नऊ इंचीचे साडेत्रेसष्ट. व्यास दोनच इंचांनी वाढला पण केक चाळीस टक्के पातळ झाला! याउलट नऊ इंची गोल आणि आठ इंची चौकोनी हे जवळजवळ सारखेच, आठ अठ्ठे चौसष्ट. गोल टिन कोणाकडे अडकला असेल तर बिनधास्त चौकोनी घ्या.

ठेवण्याविषयीही थोडे, कारण शनिवारी रात्री केलेला केक रविवारी दुपारी दोन वाजेपर्यंत नीट राहिला पाहिजे. केक पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये. वाफ झाकणाला लागून पाणी खाली पडते आणि वरचा थर चिकट होतो. फ्रिजमध्ये साधा केक ठेवू नये, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळवटतो, कारण थंडीत पिठातले स्टार्च पुन्हा घट्ट होते. वर क्रीम किंवा ताजी फळे असतील तर गोष्ट वेगळी, तो फ्रिजमध्येच हवा. आपल्या घरांत हिवाळाभर हीटरची कोरडी हवा असते, तिच्यात उघडा केक रात्रीत भाकरीसारखा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात पावाची एक चकती बरोबर ठेवली तर केक मऊ राहतो आणि पाव वाळतो. त्या प्रसिद्ध निळ्या बिस्किटांच्या डब्यात केक छान राहतो, अर्थात त्यातले सुया, दोरे आणि बटणे आधी काढली तर. फक्त एक करू नका, केक आणि चकल्या एकाच डब्यात घालू नका. केकचा ओलावा चकल्यांत जातो आणि दोन्ही वाया. हे आम्ही गेल्या दिवाळीत सिद्ध केले आहे.

ठरावाच्या बाजूने दोन मुद्दे मांडले गेले ते मात्र खरे आहेत आणि त्यांना बगल देणार नाही. पहिला ॲलर्जीचा. शाळेत शेंगदाणे आणि अक्रोड न चालणारी मुले आहेत. दुकानाच्या केकवर घटकांची चिठ्ठी असते, घरच्यावर नसते. तर ती लावू या. काय घातले ते मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही; मराठीत मुलांनी लिहायचे. ज्या मुलांच्या बाबतीत धोका गंभीर आहे त्यांच्या आईवडिलांना घरचे नको असेल, तर त्यांच्यासाठी बंद पाकिटातले आणावे, त्यात कोणी वाईट वाटून घेऊ नये. दुसरा मुद्दा अंड्याचा. हा सभेत कोणी मोठ्याने बोलले नाही, पण चहाच्या वेळी बोलले गेले. भारतातून आलेल्या आजी-आजोबांपैकी काहींना अंड्याच्या टिनमध्ये केलेला बिनअंड्याचाही केक चालत नाही. आमच्या आईलाही चालत नाही. त्यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या घरी तिच्यासाठी वेगळा टिन आहे, त्याच्या कडेला हिरवा ठिपका आहे, आणि दह्याचा केक फक्त त्यातच होतो. शाळेसाठीही असे दोन टिन ठेवता येतील.

तिसरा मुद्दा वेळेचा. वेळ कोणालाच नाही, आम्हालाही नाही. पण दर महिन्याला सगळ्यांनी केक करावा असे कोण म्हणते? तीस घरे आहेत, वर्षात शाळेचे महिने नऊ. एका घराची पाळी वर्षातून एकदा आली तरी सत्तावीस घरे होतात, म्हणजे महिन्याला तीन टिन. मुलांना तेवढे पुरतात. ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल दुकानातून आणावे, पण तशी सक्ती नसावी.

राहिला परत करण्याचा प्रश्न, ज्यातून हे सगळे सुरू झाले. आमची सूचना अशी. प्रत्येक टिनच्या तळाला टेप लावून मुलाने स्वतःच्या हाताने मराठीत आडनाव लिहायचे. हॉलच्या दाराशी एक टेबल ठेवायचे आणि दोन रविवारांच्या आत टिन तिथे आलाच पाहिजे. मोठ्या वर्गातली दोन मुले वही घेऊन बसतील, ती वहीही मराठीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: रिकामा डबा परत करू नये ही चाल आम्हाला मनापासून आवडते, पण तिच्यापायी आमच्याकडून काय झाले ते वर लिहिलेच आहे. म्हणून ती चाल पाळायला चमचाभर साखर पुरे, असे सभेनेच ठरवून टाकावे. चिरोट्यांची वाट पाहू नये.

जूनमध्ये आम्ही पुण्याला जाणार आहोत. तो टिन बॅगेत सगळ्यांत आधी ठेवला आहे. धाकट्याचे म्हणणे, आत केक घालावा. एवढ्या प्रवासात त्याचे काय होईल यावर घरात वाद झाला. शेवटी मेपलच्या साखरेच्या दोन पुड्या घालून पाहिल्या, बरोबर बसतात. झाकण सांगलीला आहे, म्हणून वर रुमाल बांधू.